रूथबाईंची आगोट

दोन दिवस झाले, सकाळी मागचं दार उघडलं की पायाला वेगळा गारवा लागतो. दुपारी ऊन कडकच असतं, मका माणसाच्या डोक्याच्या वर गेलाय, टोमॅटोच्या झाडांना काठ्या पुरत नाहीत. पण गवतावरचं दव आता नऊ वाजेपर्यंत उठत नाही. इथल्या माणसांना एवढी खूण पुरते. रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांमागे लाकडाचे ओंडके दिसू लागलेत. दुकानात काचेच्या बरण्यांची खोकी दारापाशी आणून रचलीत, असं माझी सून मृणाल सांगत होती. आणि काल येताना तिने पीचची पेटी आणली.

पेटी जेवणाच्या टेबलावर आहे. मी तिच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होते तरी वास मानेपाशी येऊन थांबत होता. पीचचा वास आंब्यासारखा दांडगा नसतो. तो गुपचूप येतो आणि बसून राहतो. मी एक फळ हातात घेतलं. कोंबडीच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी त्याला लव. एक बाजू लाल, एक पिवळी. झाडावर असताना ऊन कोणत्या अंगाला लागत होतं, हे ते फळ स्वतःच सांगतं. मी ते तसंच धरून उभी राहिले आणि मागच्या वर्षीचे ते दोन दिवस पुन्हा माझ्यापुढे आले.

आमचं हे गाव न्यूयॉर्क राज्यात आहे. न्यूयॉर्क म्हटलं की गावाकडच्या माणसांना आभाळाला टेकलेल्या इमारती दिसतात. माझी बहीण अजून फोनवर विचारते, "कितव्या मजल्यावर राहतेस गं?" मी सांगते, आमच्या घराला मजले दोनच, आणि मागे जंगल आहे, हरणं येतात. त्यावर ती म्हणते, "असू दे. प्रशांतची नोकरी बरी चाललीय ना?"

प्रशांत माझा मुलगा. तो आधी पार्सिपनीला फ्लॅटमध्ये राहायचा. तिथे जिन्यात मराठी ऐकू यायचं, दुकानात कढीपत्ता मिळायचा. पुढे त्याचं ऑफिस घरूनच चालायला लागलं, तेव्हा दोघांनी ठरवलं की ईराला, म्हणजे माझ्या नातीला, मोकळ्या जागेत वाढवायचं. मी अमेरिकेत आले ती सरळ ह्या गावातच आले. दोन वर्षं होतील येत्या ऑक्टोबरात.

पहिला बर्फ मी एकटीने बघितला. सकाळी सगळ्यांच्या आधी उठले, खिडकीचा पडदा सारला, आणि बाहेर काही नव्हतंच. रस्ता नव्हता, कुंपण नव्हतं, पायऱ्या नव्हत्या. सगळं कोणीतरी पुसून पाटी कोरी ठेवलेली. आवाजसुद्धा गेला होता. आमच्याकडे पाऊस आला की कौलांवर, पन्हळीतून, केळीच्या पानांवर, जिथून तिथून बोलतो. हे एवढं मोठं काहीतरी आभाळातून उतरलं आणि त्याने एक शब्दही काढला नाही. मी पायात मोजे न घालता किती वेळ उभी होते कोण जाणे.

प्रशांत उठल्यावर मी विचारलं, "किती दिवस राहतो हा?"

"एप्रिलपर्यंत, आई," तो कॉफी ढवळत म्हणाला. जसं काही परवापर्यंत.

मी बोटांवर महिने मोजले. पाच भरले. पाच महिने जमीन बंद. मग ही माणसं खातात काय, हे माझ्या डोक्यातून जाईना. प्रशांत म्हणाला, "स्टोअर आहे ना आई, ट्वेंटी मिनिट्सचा ड्राइव्ह." ते मला दिसत होतं. पण स्टोअर झालं कालपरवा. त्याच्या आधीही इथे माणसं होती, लेकरंबाळं होती, आणि बर्फ तर होताच.

त्याचं उत्तर जानेवारीत रस्ता ओलांडून आलं.

मी रोज सकाळी खिडकीत उभी राहायचे. मला वाटायचं मी कोणाला दिसत नाही. पण बर्फात आजूबाजूला इतकं रिकामं असतं की खिडकीतलं माणूससुद्धा लांबून दिसतं. समोरच्या पांढऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाई फावड्याने बर्फ बाजूला करता करता एक दिवस थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. मी पडद्यामागे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात. मी पुन्हा पडद्यामागे. चौथ्या दिवशी त्या निळे रबरी बूट घालून गुडघाभर बर्फातून सरळ आमच्या दाराशीच आल्या. कोटाच्या आत काहीतरी तान्हं मूल धरल्यासारखं धरलं होतं. ती पीचची बरणी होती.

त्यांचं नाव रूथ. वय तेव्हा ब्याऐंशी. ईरा त्यांना मिस रूथ म्हणते, मी रूथबाई म्हणते. त्या मला काय म्हणतात ते मला नीट ऐकू येत नाही, पण ते माझंच नाव आहे एवढं कळतं.

त्या दिवशी ईराने ती बरणी उघडली. आत पाकात पीचच्या फाका होत्या, एकावर एक, पालथ्या वाट्या रचाव्यात तशा. बाहेर सगळं पांढरं आणि माझ्या जिभेवर भर उन्हाळ्यातलं फळ. त्याला मीठ नव्हतं, तेल नव्हतं, मोहरी नव्हती, ते वाळवलेलंही नव्हतं. फळ जसं झाडावरून उतरलं तसंच होतं. मी मृणालला दोनदा विचारलं, "ऑगस्टातलं आहे? नक्की?"

"हो आई, होममेड आहे. तिने स्वतः केलंय. मीच शॉक झाले यार," मृणाल म्हणाली. ती नागपूरची, तिच्या बोलण्यात हे 'यार' सासूसाठीही असतं.

फेब्रुवारीत मी पहिल्यांदा रूथबाईंच्या घरी गेले, ईराचा हात धरून. त्यांनी आम्हाला तळघरात नेलं आणि दिव्याची दोरी ओढली. मी खालच्या पायरीवर थांबले ती थांबलेच. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर बरण्या. टोमॅटो, फरसबी, बीट, पीच, जांभळे प्लम. कोपऱ्यात लाकडी पेटीत वाळू, आणि वाळूत बटाटे नि गाजरं पुरलेली. वर कांद्याच्या वेण्या टांगलेल्या. सफरचंदं एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली, एक नासलं तर शेजारच्याला लागू नये म्हणून.

मला एकदम आमचं घर आठवलं. राजापूरच्या वरच्या अंगाला माझं सासर. तिथे पावसाच्या आधी घराघरांतून जी साठवण चालते तिला आम्ही आगोट म्हणतो. वैशाखात आगोट भरायची. आमसुलांना रसाची सात पुटं द्यायची, आंब्याची साठं थरावर थर वाळवायची, सुके बांगडे डब्यात दडपायचे, मिरच्या भरायच्या, लाकडं पडवीत रचायची. फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवायच्या. आता इथे हे बटाटे वाळूत. मी खाली वाकून वाळूत बोटं घातली. तशीच थंड, तशीच कोरडी. सात समुद्र ओलांडून आले तरी बाईमाणसाला एकाच ठिकाणी हात घालावासा वाटतो, ह्याचं मला फार नवल वाटलं.

मी ईराला म्हटलं, "ह्यांना सांग, आमच्याकडे ह्याला आगोट म्हणतात."

ईरा नऊ वर्षांची. तिने विचार केला. "पण त्याचं इंग्लिश काय?"

"मला काय ठाऊक. तू सांग तुला कळलं तसं."

मग तिने रूथबाईंना बरंच काही सांगितलं. घरी येताना मी विचारलं, काय सांगितलंस. ती म्हणाली, "मी सांगितलं, लाइक, खूप रेन येणार असतो ना, आणि तुम्ही स्केअर्ड असता, मग तुम्ही फूड बनवता."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"ती म्हणाली, येस. एक्झॅक्टली."

आगोटीचा अर्थ मला साठ वर्षांत कोणी इतका बरोबर सांगितला नव्हता.

इथला उन्हाळा बघावा. एप्रिल सरताना माती काळी, चिखलाची, नुसती मेल्यासारखी. आणि मग तिला जी घाई सुटते. तिच्याकडे दिवसच थोडे असतात. मेमध्ये रोज सकाळी झाडाखाली उभं राहिलं तर कालची पानं आज मोठी झालेली दिसतात. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत चेरी, घेवडा, काकड्या. दुधीसारखी एक हिरवी भाजी तर एवढी येते की लोक ती रात्रीतून शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवून पळतात. उजेडही नऊ नऊ वाजेपर्यंत जात नाही. जमिनीला कोणीतरी सांगून ठेवलंय की एवढ्यात काय ते आटप. आमच्याकडची जमीन सुस्त, वर्षभर काही ना काही देत राहते. ही सगळं एकदम ओंजळीत ओतते आणि म्हणते, धर. मी मागच्या अंगणात उभी राहून नुसती बघत राहायचे. वाटायचं, हे एवढं सगळं बघायला मला कोणी कसं बोलावलं.

तेव्हाच ईराकडून कळलं की रूथबाईंचा हा शेवटचा उन्हाळा असू शकतो. म्हणजे ह्या घरातला. त्यांची मुलगी लिंडा जर्सी सिटीला राहते, उंच इमारतीत, इथून सहा तासांवर. तिला वाटतं आईने आता एकटीने राहू नये, बर्फ उपसू नये, तळघराच्या पायऱ्या उतरू नयेत. तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी चांगली जागा आहे. रूथबाईंना जायचं नव्हतं. त्यांच्या शेगडीचे चारातले दोन बर्नर बंद पडले होते आणि लिंडा म्हणत होती, आता नवी शेगडी कशाला घ्यायची. रूथबाईंनी ईराला सांगितलं होतं, "ह्या वर्षी सगळं नीट भरलं ना, तर ती काही बोलणार नाही. भरलेलं तळघर बघितलं की तिला कळेल मला जमतं."

म्हणून पीच आमच्या घरी करायचे ठरले. आमच्याकडे शेगडी मोठी.

तो सबंध दिवस मला घटकेघटकेने आठवतो. रूथबाई सकाळीच भलं मोठं पातेलं आणि बरण्या घेऊन आल्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही, पण स्वयंपाकघरात फारसं अडत नाही. त्या करायच्या, मी बघून करायचे. पीच उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचे, काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचे. मग साल अशी निसटते की लहान मुलाच्या अंगातून ओलं झबलं काढावं. आतलं फळ केशरी, आणि बाठ्याभोवती लालभडक, जणू काही त्याने आत शेवटपर्यंत चूल पेटती ठेवली होती. दोन फाका करायच्या, बाठा काढायचा, वाटी पालथी घालून बरणीत रचायची, वरून कढत पाक. बरणीचा काठ ओल्या फडक्याने पुसायचा. रूथबाई प्रत्येक काठावरून बोट फिरवून बघायच्या, पहिली बरणी असो की विसावी. वर एक पातळ चकती, तिच्यावर पिळाचं कडं. मग सात सात बरण्या पातेल्यात उकळायच्या, पाऊण पाऊण तास लागायचा एका घाण्याला. तीन घाणे झाले. एकवीस. गणपतीला दूर्वा वाहतो तेवढ्या, म्हणून मला बरं वाटलं.

वाकड्या चिमट्याने रूथबाईंनी एकेक बरणी बाहेर काढली आणि टेबलावर पंचा अंथरून ओळीने ठेवली. मी भांडी घासायला वळले तर मागे आवाज आला. टक. मी दचकून बघितलं. रूथबाईंनी बोट वर केलं आणि हसल्या. पुन्हा टक. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाकडून टक. गार होता होता काच बोलत होती. आमच्याकडे ऊन उतरलं की पत्रे कडकडतात तसं असेल, असं मी धरलं. रूथबाई प्रत्येक आवाजाला त्या बरणीच्या चकतीवर बोट दाखवून मला काहीतरी सांगत होत्या. मी मान हलवत होते. मला ते काही कळलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की न कळल्याचं सांगवेना.

चारच्या सुमाराला त्यांनी सगळ्यांवर दुसरा पंचा घातला. बरण्यांकडे हात करून, माझ्याकडे बघून, सावकाश दोन वाक्यं बोलल्या. त्यातलं 'टुमॉरो' मला कळलं. उद्या. बाकीचं मी माझ्या मनाने लावलं. त्या मला म्हणाल्या असणार की उद्यापर्यंत ह्यांची काळजी घे.

मी घेतली.

लोणचं घातलं की पहिले आठ दिवस ते रोज वरखाली करायचं, हे मला सातव्या आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. कोरडा चमचा, कोरडे हात, सकाळी आंघोळ झाल्यावर. खालचं वर, वरचं खाली. नाही केलं तर वर पांढरा बुरा येतो आणि बरणी वाया जाते. माझ्या हातचं लोणचं चाळीस वर्षांत एकदाही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सहाला उठले, आंघोळ केली, गावाहून आणलेला लांब दांड्याचा लाकडी चमचा पुसून कोरडा केला आणि पंचा काढला.

कडी सहज फिरली. चकत्या मात्र घट्ट बसलेल्या. पाकाने चिकटल्या असणार. सुरीच्या टोकाने कडेला हळूच उचकटलं. फस्स असा आवाज झाला. बरणीने मोकळा श्वास घेतल्यासारखा. मी चमचा घातला, फाका जपून खालीवर केल्या, एकही मोडू दिली नाही, चकती लावली, कडं पिळून बसवलं. एकवीस वेळा. सगळं झाल्यावर पंचा पुन्हा होता तसा घातला. मला आतून फार समाधान वाटलं. ह्या घरात आल्यापासून कोणी न सांगता केलेलं हे माझं पहिलं काम होतं.

दहाला रूथबाई आल्या. बरोबर लिंडा होती. ती आदल्या संध्याकाळी आली होती. रूथबाईंनी तिला मुद्दाम आणलं होतं. पंचा काढताना त्यांनी तिच्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही, लहान मुलं वहीवरचा शेरा दाखवताना बघतात तसं. मग कडं काढून त्यांनी पहिल्या चकतीच्या मधोमध बोट दाबलं.

टिक. चकती खाली गेली आणि वर आली.

त्यांनी दुसरी दाबली. टिक. तिसरी. टिक. मग त्या भराभर एकेक दाबत ओळीच्या टोकापर्यंत गेल्या. एकही बरणी गप्प राहिली नाही. त्यांनी चकत्यांचं रिकामं खोकं उचलून वाचलं, काठांवरून बोट फिरवलं, आणि मग खुर्ची ओढून बसल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून हातांकडे बघत राहिल्या.

मला त्याच वेळी सगळं कळलं. काल प्रत्येक टकला त्या जी चकती दाखवत होत्या ती मधोमध खोल गेलेली होती. बरणीतला वारा निघून जातो, चकती आत ओढली जाते आणि दार बंद होतं. फळ टिकतं ते त्यामुळे. आज एकही चकती खोल नव्हती. वारा मी आत सोडला होता.

लिंडा आईच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलत होती. मी ओट्याला टेकून उभी होते. त्या दोघी उठून गेल्या. जाताना रूथबाईंनी माझ्या दंडावर थोपटलं, जणू माझीच काही वस्तू हरवलीय.

ईरा टेबलाच्या टोकाला खात बसली होती. मी तिला विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या?"

"मिस रूथ म्हणाली, ती काहीतरी विसरली. शी मस्ट हॅव. पण काय विसरली ते तिला आठवतच नाहीये."

"आणि लिंडा?"

"लिंडा म्हणाली, इट्स ओके मॉम, मी हेच सांगत होते ना तुला." ईराने चमचा खाली ठेवला. "मिस रूथ म्हणाली, आज नवीन लिड लावून परत बॉइल केलं तर चालतं. पण लिंडा म्हणाली, नको, खूप हेवी आहे, फेकून दे. आजी, तू रडतेयस?"

मी वर गेले. प्रशांत कानाला ते लावून मीटिंगमध्ये होता. त्याने पंजा दाखवला, पाच मिनिटं. मी दाराशी उभी राहिले. पाचाची वीस झाली. त्या वीस मिनिटांत माझ्या मनात आलं की हा आता छान इंग्रजीत सांगेल. सॉरी म्हणेल, गैरसमज झाला म्हणेल, नवी पेटी आणून देईल. सगळं गुळगुळीत होईल आणि लिंडाला वाटेल की शेजारी भले आहेत, म्हातारीचं झाकताहेत. मला सांगून बघू दे, असं मी स्वतःला म्हणेपर्यंत मी जिना उतरलेही होते.

एक बरणी घेतली, चमचा घेतला आणि रस्ता ओलांडला. दहा महिन्यांत तो रस्ता मी एकटीने ओलांडला नव्हता. तीसचाळीस पावलं असतील. दार लिंडाने उघडलं. माझ्या हातातली बरणी बघून ती समजुतीने हसली, बरणी घेतली, कडं फिरवून मला उघडून दिली आणि परत हातात ठेवली. तिला वाटलं मला झाकण उघडत नाहीये.

मी मान हलवली आणि ती बाजूला होण्याआधीच आत शिरले. अशी मी कोणाच्या घरात कधी शिरले नाही. रूथबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी बरणी त्यांच्यापुढे ठेवली, चकती काढली, चमचा घातला आणि फाका वरखाली केल्या. खालचं वर, वरचं खाली. मग चमच्याने माझ्या छातीकडे दाखवलं. दोन्ही पंजे दोनदा उघडले आणि एक बोट. एकवीस.

"मी," मी म्हटलं. "तुम्ही नाही. नो रूथबाई. मी. मी उघडल्या. सॉरी."

लिंडाने तोंडावर हात धरला. तिला आधी कळलं. "व्हाय?" ती म्हणाली.

तेवढ्यात ईरा नुसत्या मोज्यांवर धावत आली. मी तिला म्हटलं, सांग ह्यांना, आमच्याकडे लोणचं रोज हलवतात, नाहीतर बुरा येतो. तिने सांगितलं. शेवटाला ती अडखळली. "ऑर इट गेट्स... फर," ती म्हणाली.

"फर?" लिंडाने विचारलं.

"लाइक, ऑन द टॉप."

मी फरशीकडे बघत होते. मला वाटलं आता रूथबाई माझ्याकडे बघतील आणि ते मला बघवणार नाही. वर बघितलं तर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या मुलीकडे बघत होत्या.

"सी?" त्या म्हणाल्या.

बघितलंस ना, एवढं एकच. ईराला विचारायची गरज नव्हती.

मग त्यांना हसू यायला लागलं. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला आणि हवेत ढवळून लिंडाला दाखवलं, एकवीस वेळा, तोंडाने फस्स फस्स करत. चष्मा काढून डोळे पुसले. लिंडाही हसली, पण तिचं हसू मधेच दुसरीकडे वळलं आणि ती पाठमोरी होऊन नळापाशी उभी राहिली. रूथबाईंनी घड्याळ बघितलं, खुर्चीवरचा एप्रन उचलला आणि गळ्यात घातला.

त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी होतो. पुन्हा पाक, पुन्हा नव्या चकत्या, पुन्हा काठ पुसणं. लिंडा पातेलं उचलायला पुढे झाली की रूथबाई म्हणायच्या, "सिट." ती बसायची. पाणी उकळेपर्यंत मी त्या बरण्यांकडे बघत होते. आमच्या बरणीत सगळं चालू असतं. फोड मऊ होते, मीठ आत शिरतं, महिन्याने चव एक असते आणि वर्षाने दुसरी. आम्ही त्याला मुरणं म्हणतो आणि मुरायला वेळ आणि हात दोन्ही लागतात. इथे मात्र एकदा टक झालं की त्यात कोणी हात घालायचा नाही. ना मीठ, ना तेल, नुसता आतला वारा काढून घ्यायचा, की फळ त्या दिवशी होतं तसंच थांबतं. एवढ्या साध्या गोष्टीवर माणसं बर्फाचे पाच महिने काढतात. मी उभ्या आयुष्यात कितीतरी गोष्टी नासतील म्हणून ढवळत राहिले, त्यातल्या काही तशाच ठेवल्या असत्या तर टिकल्या असत्या का, असंही मनात आलं.

शेवटचा घाणा उकळत असताना लिंडा गाडीकडे जाऊन आली. तिच्या हातात गुळगुळीत कागदाची तीन मोठी पुस्तकं होती. वर हिरवळ, बाकं, पांढऱ्या केसांची हसरी माणसं. तिने ती आईपुढे टेबलावर ठेवली, एक उघडलं आणि हळूहळू सांगायला लागली. ती भांडत नव्हती. तिच्या आवाजात नुसती काळजी होती, आणि तिची काळजी खोटी नव्हती, हे मलाही दिसत होतं. मीही कोणाची तरी आई आहे आणि माझ्याही मुलाने मला माझ्या घरातून उचलून इकडे आणलंय. रूथबाईंनी चष्मा लावून एक पान बघितलं, दुसरं बघितलं.

घड्याळाची घंटी वाजली. रूथबाई उठल्या. त्यांनी चिमट्याने पहिली बरणी वर काढली, पाणी निथळू दिलं आणि टेबलाकडे वळल्या. पंचे सगळे ओले झाले होते. गरम बरणी नुसत्या टेबलावर ठेवता येत नाही. त्या दोन पावलं थांबल्या. मग त्यांनी ती वाफाळती बरणी त्या उघड्या पुस्तकावर, हिरवळीच्या अगदी मधोमध ठेवली आणि दुसरी आणायला गेल्या.

लिंडा त्या बरणीकडे बघत राहिली. बरणीखालचा कागद हळूहळू सुरकुतायला लागला होता. आत कुठेतरी टक झालं. तिने आईकडे बघितलं. रूथबाई दुसरी बरणी घेऊन येत होत्या, हात सरळ, नजर बरणीवर, पाऊल जपून.

लिंडाने दुसरं पुस्तक उचललं, उघडलं आणि पहिल्याच्या शेजारी नीट पसरून ठेवलं.